अंगठ्याचा ठसा आणि उन्हाळ्याचे दोन महिने

२३ मे १९४५. ऐन उन्हाळ्याचे दिवस. झरी नावाच्या गावात सुमारे पाच हजार वारली जमले होते. हे गाव आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होतं. त्या सभेत ठरलं की, यापुढे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही. वेठबिगार बंद! शामराव आणि गोदावरी परुळेकर हे जोडपं किसान सभेचं काम घेऊन या भागात आलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेला इकडचे काही वारली गेले होते. झरीची सभा हा त्याचाच पुढचा टप्पा होता. पाचच महिन्यांनी, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच वारली मारले गेले. तरीही लढा थांबला नाही.

या लढ्याविषयी आपल्याकडे बरंच लिहिलं गेलंय. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण मला आज त्या लढ्यातल्या एका छोट्या वस्तूकडे लक्ष वेधायचं आहे. ती वस्तू म्हणजे अंगठा. शाईत बुडवून कागदावर टेकवलेला.

वारल्यांना गुलाम करणारं हत्यार फक्त चाबूक नव्हतं. कागदही होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे, कागदावर अंगठा उठवायचा आणि मग नवरा-बायको दोघांनी ते कर्ज फिटेपर्यंत राबायचं. यालाच ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती, व्याज किती, फिटलं किती हे सगळं कागदावर, आणि कागद वाचता येणारा फक्त सावकार. सायमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. इथल्या जमीनदारांत आणि जंगलाच्या ठेकेदारांत सगळ्या धर्मांची माणसं होती, आपलीही होती. ते लपवून इतिहास लिहिता येत नाही.

आता वाचक विचारतील, हा सगळा इतिहास आज कशासाठी? तर विषय आहे, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलींना उन्हाळी सुट्टीत संगणक-सुरक्षेवर संशोधन करायची संधी मिळते का, आणि डहाणू-तलासरीच्या मुलीपर्यंत ती पोहोचते का? दोन्हींचा काय संबंध, तेच सांगायचा हा प्रयत्न आहे.

ठशाची विद्या कुठून आली?

अंगठ्याचा ठसा ओळख म्हणून वापरायची सरकारी पद्धत आपल्याच देशात जन्मली. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराला कागदामागे पंजाचा ठसा उमटवायला लावला. हेतू साधा होता. उद्या हा माणूस ‘ही सही माझी नाहीच’ म्हणू नये, एवढाच. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठशामागे अविश्वास होता. सत्ता असणाऱ्याने सत्ता नसणाऱ्यावर दाखवलेला अविश्वास!

पुढे अडचण अशी आली की हजारो ठसे जमले तर त्यातून हवा तो शोधायचा कसा? हा गणिताचा प्रश्न होता. तो सोडवला कोलकात्याच्या दोन हिंदी माणसांनी. एक काझी अझीझुल हक, दुसरे हेमचंद्र बोस. हक मूळचे खुलन्याचे, गणिताचे विद्यार्थी. बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली ते काम करत. त्यांनी युक्ती काढली ती अशी. दहा बोटं घ्या. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढंच पाहा. दोनच शक्यता. दहा बोटांसाठी दोनाला दहा वेळा गुणलं की होतात १०२४ गट. त्यासाठी ३२ गुणिले ३२ असं खणांचं कपाट करा. कुठलाही कागद काही मिनिटांत त्याच्या खणात सापडेल. संगणक येण्याच्या पन्नास वर्षं आधी कोलकात्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोरावर माहिती लावली गेली होती. आजचा संगणक विद्यार्थी १०२४ हा आकडा रोज पाहतो.

१८९७ साली सरकारने ही पद्धत मान्य केली, कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. हेन्री साहेबांनी १९०० साली पुस्तक लिहिलं, लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये मोठ्या पदावर गेले आणि जगभर ही पद्धत ‘हेन्री सिस्टीम’ म्हणून ओळखली गेली. हक यांना बऱ्याच वर्षांनी खानबहादूर किताब आणि पाच हजार रुपये मिळाले. बोस यांनाही पुढे सरकारने गौरवलं. पण नाव राहिलं ते हेन्रीचंच. अलीकडे इंग्लंडच्या फिंगरप्रिंट सोसायटीने हक आणि बोस यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे. शंभर वर्षांनी का होईना, हिशेबात दुरुस्ती झाली.

त्याच उन्हाळ्यात, दुसरीकडे

झरीत वारली जमले त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सहा तरुणींची एका कामासाठी निवड झाली होती. फिलाडेल्फियात एनिॲक नावाचं यंत्र तयार होत होतं. पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी ते एक. तोफगोळा कुठे पडेल याचं गणित करायला लष्कराने गणित येणाऱ्या मुली नेमल्या होत्या. त्यांच्यातून सहा जणी निवडून १९४५ च्या उन्हाळ्यात त्यांना मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या लष्करी तळावर प्रशिक्षणासाठी पाठवलं गेलं. परत येऊन त्यांनी यंत्राचे आराखडे वाचले आणि पुस्तक नसताना, शिक्षक नसताना, ते यंत्र चालवायची रीत शोधून काढली. आज ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतो ते हेच. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲकचं जाहीर प्रदर्शन झालं, थाटाची मेजवानी झाली. तिचं बोलावणं या सहा जणींना नव्हतं. पुढची कित्येक दशकं जुन्या फोटोंमधल्या या बायका कोण, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या खात्यात युद्धाच्या अखेरीस सुमारे पंचाहत्तर टक्के स्त्रिया होत्या. म्हणजे संगणक आणि गुप्तलेखन या दोन्ही विद्यांच्या पायाशी तरुण मुली होत्या. युद्ध संपलं, हे काम मानाचं आणि पैशाचं झालं, आणि बायका हळूहळू त्यातून बाहेर गेल्या.

आता पुन्हा आपल्याकडे या. त्याच १९४५ सालच्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा या दोघींनी शाळाच गुरांच्या मागे नेली. तिचं नाव ‘कुरणशाळा’. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत गेली पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

एका वर्षात तीन गोष्टी. झरीत न वाचता उठवलेल्या अंगठ्याविरुद्ध बंड. बोर्डीत त्या अंगठ्याच्या जागी अक्षर आणायचा प्रयत्न. आणि साता समुद्रापार, पुढे त्याच अंगठ्याला यंत्रात साठवणार असलेल्या विद्येची सुरुवात. या तिन्ही ठिकाणी पुढे स्त्रिया होत्या.

अंगठा परत आला

स्वातंत्र्यानंतर आपण मानत होतो की साक्षरता वाढेल तसा अंगठा मागे पडेल. सही करता येणं ही प्रतिष्ठा होती. रात्रीच्या शाळेत जाऊन सही शिकलेले म्हातारे लोक मी पाहिले आहेत, ते बँकेत सही करताना ताठ बसायचे. पण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं आणि अंगठा परत आला. या वेळी शाईशिवाय.

आज तलासरीत किंवा डहाणूच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर रेशन घ्यायचं तर ई-पॉस मशीनवर बोट ठेवावं लागतं. खात्यातले पैसे काढायला बँक दूर असते, म्हणून गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात जाऊन बोट ठेवतात. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. ना कार्ड, ना पिन, ना मोबाईलवर येणारा आकडा. ज्याच्याकडे मोबाईल नाही, ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही खरोखर सोय आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर पैसे पाहणाऱ्या कितीतरी जणी अशाच केंद्रावर गेल्या.

पण याच सोयीत धोका आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि अंगठ्याचे ठसे आपण जागोजागी सोडलेत. जमिनीच्या दस्तावर, करारावर, सिमकार्डच्या फॉर्मवर. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीला आलं. जमिनीच्या नोंदणीचे दस्त सरकारी संकेतस्थळावर होते, त्यावर लोकांचे ठसे होते. एकाने ते उतरवून घेऊन त्यांचे नकली छाप बनवले आणि दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्ड चालू केली. नंतर अशाच नकली छापांनी आधारवरून खात्यातले पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. मशीनवर ठेवलेलं बोट जिवंत आहे की रबरी, हे ओळखणारी नवी तपासणी आधार प्राधिकरणाने २०२३ साली सुरू केली. आपले ठसे ‘लॉक’ करून ठेवायची सोयही आहे. किती जणांना ठाऊक आहे ती?

दुसरा त्रास याहून साधा आणि रोजचा. भात लावून, लाकूड तोडून, वीटभट्टीवर राबून बोटाच्या रेषा झिजतात. मशीन बोट ओळखत नाही. बाई पुन्हा पुसते, पुन्हा ठेवते. केंद्रवाला म्हणतो, ‘अजून एकदा ठेवा.’ पहिल्या खेपेला व्यवहार झाला होता की नाही, हे पडद्यावर लिहिलेलं असतं, आणि पडदा असतो केंद्रवाल्याच्या बाजूला. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिक असतात. पण व्यवस्था माणसाच्या प्रामाणिकपणावर टाकलेली आहे. कागद वाचता येणारा एकच माणूस, ही १९४५ ची स्थिती इथे थोडी वेगळ्या रूपात उभी आहे.

कुलूप तपासायचं तर उघडून पाहावं लागतं

संगणक-सुरक्षेचं संशोधन म्हणजे काय, याची एक जुनी गोष्ट सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा विद्वान होता. सांकेतिक लिखाण कसं उलगडायचं यावर त्याने एक पुस्तिका लिहिली. युक्ती अशी की, कुठल्याही भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी. सांकेतिक मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेली खूण घ्या, ती त्या भाषेतल्या सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराच्या जागी ठेवून पाहा. असं मोजत मोजत पूर्ण मजकूर उघडतो. ही पुस्तिका इस्तंबूलच्या ग्रंथसंग्रहात सापडली आणि १९८० च्या दशकात छापली गेली. अल-किंदीने कुलूप मोडलं, म्हणून पुढच्यांना चांगलं कुलूप करावं लागलं. आजही ही विद्या याच रीतीने वाढते. कच्चा दुवा कुठे आहे हे आधी आपल्या माणसाने शोधायचं, चोराने शोधण्याआधी.

पण हे काम कुणीही उठून करू शकत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे सांगून सहज सुटका होईल असं नाही. आधारच्या कायद्यातही अशीच कडक कलमं आहेत. २००४ पासून देशात सर्ट-इन ही संस्था आहे, तिला त्रुटी रीतसर कळवता येतात. तरी एखाद्या विद्यार्थिनीने घरी बसून सरकारी संकेतस्थळ चाचपून पाहिलं तर ती अडचणीत येऊ शकते. म्हणूनच प्रयोगशाळा लागते. तिथे तपासायला दिलेली यंत्रं असतात, परवानगी असते, चुकलं तर सांभाळणारा मार्गदर्शक असतो. अशा जागेत शिरायचं पदवीच्या विद्यार्थिनीसाठी एकच दार असतं, ते म्हणजे उन्हाळी सुट्टी.

उन्हाळ्याचं दार

ही कल्पना अमेरिकेत रुजली. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधनाची संधी द्यायची योजना चालवली. संगणकशास्त्रात मुली कमी आहेत हे ध्यानात घेऊन तिथल्या संशोधक स्त्रियांनी १९९४ साली आणखी एक योजना काढली. पदवीची विद्यार्थिनी एका उन्हाळ्यासाठी एखाद्या प्राध्यापिकेकडे जाईल, तिच्यासोबत काम करेल. २००५ साली बर्कलीच्या पुढाकाराने संगणक-सुरक्षेसाठी ‘ट्रस्ट’ नावाचं केंद्र उभं राहिलं. त्यात मुलींची म्हणून ओळखली जाणारी मिल्स आणि स्मिथ ही कॉलेजंही सहभागी होती आणि स्त्रियांसाठी खास उन्हाळी कार्यक्रमही होता. विचार सरळ होता. मुलीला वाटलं पाहिजे की हे आपलं क्षेत्र आहे, आणि ते व्याख्यान ऐकून वाटत नाही, हाताने काम केल्यावर वाटतं.

त्या सरकारी योजनांचा पैसा मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी असतो. मग आपल्या मुलींनी काय करायचं? आपल्याकडेही दारं आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिन्यांचं काम, विद्यावेतन, रेल्वेचं भाडं. त्यात इंजिनिअरिंगही आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जिथे १९६० साली टिफरॅक हा देशी बनावटीचा पहिला मोठा संगणक सुरू झाला, तीही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावत आली आहे आणि त्यात संगणकशास्त्र आहे. आयआयटी गांधीनगरची उन्हाळी योजना आहे. आयआयटी मुंबईत माहिती-सुरक्षेवर संशोधन करणारं केंद्र आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिलने ‘सायबर शिक्षा’ हा मुलींसाठी चार महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो इंजिनिअर झालेल्या मुलींना नोकरीसाठी तयार करतो. चांगला आहे, पण ते प्रशिक्षण झालं. संशोधन निराळं. प्रशिक्षणात माहीत असलेलं उत्तर शिकवतात, संशोधनात उत्तर कुणालाच माहीत नसतं.

पुढे आदर्शही आहेत. आयआयटी मद्रासच्या श्वेता अग्रवाल आणि बंगळूरूच्या आयआयएससीतल्या अर्पिता पात्रा या दोघी गुप्तलेखनशास्त्रातल्या नावाजलेल्या संशोधक. आधारची खासगीपणाच्या दृष्टीने तपासणी करणारा जो निबंध २०१७ साली आला, त्याच्या तीन लेखकांपैकी श्वेता अग्रवाल एक होत्या.

शिकायची वाटही पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाने नव्वदच्या दशकात जुहूला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. पुण्यात १९९१ पासून कमिन्स कॉलेज आहे. राज्यात इंजिनिअरिंगच्या तीस टक्के जागा मुलींसाठी आहेत. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे पालघर, बोईसर, वसई-विरारच्या कॉलेजात रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुली दिसतात. बुरख्यातल्या दिसतात, पंजाबी ड्रेसमधल्या दिसतात, डब्यात एकमेकींना खेटून बसून ‘डेटा स्ट्रक्चर’ घोकताना दिसतात.

मग अडतं कुठे?

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या मे महिन्यात घरी आली होती. मी विचारलं, ‘उन्हाळ्यात कुठे काही करणार का?’ म्हणाली, ‘मामू, त्याचे फॉर्म हिवाळ्यातच निघून जातात. आम्हाला मार्चमध्ये कळलं.’ तिने एका ठिकाणी अर्ज करायची तयारी केली होती. पण शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं. तिच्या कॉलेजात तिला उत्तर मिळालं, ‘आधी टॉपरना देऊ, मग बघू.’ बघेपर्यंत तारीख गेली. मी कॉलेजचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाही.

तिच्यासोबत तिची तलासरीकडची मैत्रीण होती. वारली कुटुंबातली, घरातली पहिली इंजिनिअर होणारी. ती कमी बोलते. पण तिने जे सांगितलं ते मला योजनांच्या कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. ‘काका, सुट्टीत आमचं हॉस्टेल बंद होतं. मुंबईत दोन महिने राहायचं म्हणजे खोलीचं डिपॉझिट आधी भरायचं. विद्यावेतन नंतर येतं. आणि घरी सांगायचं काय? नोकरी नाही, परीक्षा नाही, मग कशाला राहतेस तिकडे?’ भाची लगेच म्हणाली, ‘आमच्या अब्बांचाही हाच प्रश्न आहे!’ दोघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. दोन वेगळ्या समाजांतल्या दोन मुली एकाच उंबऱ्यावर अडल्या होत्या.

मग मी विचारलं, संधी मिळाली तर कशावर काम कराल? भाचीने मोबाईल ॲपचं नाव घेतलं. मैत्रीण म्हणाली, ‘माझी आजी रेशनला जाते तेव्हा मशीन तिचं बोट घेत नाही. मला ते बघायचंय. मशीन चुकतंय की बोट?’

संशोधनाचा प्रश्न याहून नेटका कुठल्या प्राध्यापकाने मांडला असता, मला शंका आहे. झिजलेल्या बोटांचे ठसे, सदोष यंत्रं, नकली छाप ओळखणं, न वाचता येणाऱ्या माणसाला व्यवहार झाला की नाही हे आवाजाने सांगणं, हे सगळे सुरक्षेचेच प्रश्न आहेत. शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या मुलाला ते सुचणं कठीण, कारण त्याच्या आजीचं बोट मशीन घेतं.

कुरणशाळेचा धडा

म्हणून माझं म्हणणं एवढंच नाही की आपल्या मुलींना संधी द्या, बिचाऱ्या मागे आहेत. उलट आहे. या मुली आल्या नाहीत तर या विद्येचंच नुकसान आहे. २०११ च्या जनगणनेत तलासरीची सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या आदिवासी होती. बोटावर चालणारी व्यवस्था सर्वांत जास्त ज्यांच्यावर लादली गेली, त्यांच्यातून ती तपासणारं कुणी असू नये, हा न्याय नव्हे.

ताराबाई आणि अनुताईंनी जे केलं ते इथे का होऊ नये? एखाद्या संस्थेने उन्हाळ्याचे दोन महिने आपली छोटी प्रयोगशाळा डहाणूला किंवा तलासरीला आणली तर? चार ई-पॉस मशीनं, दोन मार्गदर्शक, रीतसर परवानगी, आणि जिल्ह्यातल्या आठ-दहा मुली. राहायचा प्रश्न नाही, डिपॉझिट नाही, घरच्यांना संध्याकाळी मुलगी दिसते. गावातले लोक स्वखुशीने तयार झाले तर त्यांच्याकडून शिकायचं, त्यांचे ठसे कुठेही न साठवता. शाळा गुरांच्या मागे कुरणात जाऊ शकते, तर प्रयोगशाळा रेल्वेने डहाणूला नक्कीच येऊ शकते.

तोपर्यंत आपल्या हातात असलेल्या गोष्टी लहान आहेत. कॉलेजांनी उन्हाळी योजनांच्या तारखा दिवाळीनंतर लगेच फळ्यावर लावाव्यात. शिफारसपत्र ही मेहरबानी नाही, शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, आणि ते फक्त पहिल्या तिघांसाठी नसतं. आदिवासी विकास विभागाने संशोधनाला जाणाऱ्या मुलींसाठी सुट्टीत वसतिगृहाची एक खोली उघडी ठेवावी आणि आगाऊ रक्कम द्यावी. आपल्या समाजातल्या ज्या ट्रस्ट आणि जमाती शिष्यवृत्त्या देतात, त्यांनी फीबरोबर मुंबईतल्या दोन महिन्यांच्या राहण्याचाही विचार करावा. फी भरायला लोक पुढे येतात, खोलीच्या डिपॉझिटला कुणी येत नाही. आणि काम झाल्यावर निबंधावर मुलीचं नाव लागलं पाहिजे. अझीझुल हक यांना पाहिली तशी वाट आणि एनिॲकच्या मुलींना मिळाली तशी वागणूक आता कुणाच्या वाट्याला नको.

झरीच्या सभेत वारल्यांनी ठरवलं की, यापुढे फुकट राबायचं नाही. त्या नकाराने जमीनदारी हादरली होती. आज त्यांची नात विचारते आहे की, मशीनच्या आत काय आहे ते मला बघू द्या. येत्या डिसेंबरात फॉर्म निघतील, तेव्हा ती तिसऱ्या वर्षाच्या वर्गात असेल. तिला तारीख कुणीतरी वेळेवर सांगायला हवी.